पश्चिमेकडची गॅलरी

जळगावच्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा फेब्रुवारी महिना होता, आणि पश्चिमेकडच्या गॅलरीत सकाळी दहा वाजता इतकी सुखद सावली असे की हीच जागा झाडांची, हे मी सामान लावण्याच्या आधीच ठरवून टाकले होते. शाळेतील नोकरी नुकतीच संपली होती आणि हाताशी वेळ होता. पहिल्याच रविवारी रोपवाटिकेत जाऊन मी अरेका पामची एक कुंडी, दोन क्रोटन, हिरवागार नेचा आणि तीन गुलाब आणले. गुलाबांच्या कुंड्या कठड्यावर, पाम आणि नेचा मागच्या भिंतीला टेकून, अशी मांडणी केली. मार्चभर ती गॅलरी पाहून येणारा-जाणारा थबकत असे. मेच्या पंधरा तारखेपर्यंत त्यांतील एकही झाड राहिले नाही.

पाणी कमी पडले असेल, असे सर्वांनी सांगितले. पण पाणी मी दोन्ही वेळा घालत होते, आणि दुपारी पाने मलूल दिसली की तिसऱ्यांदाही घालत होते. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जाणे ही काही बातमी नव्हे, आणि हवेत ओलावा जवळजवळ नसतो. अशा कोरड्या हवेत पानांतून जितके पाणी उडते तितके मुळांना वर पोहोचवता येत नाही, म्हणून माती ओली असतानाही पान मान टाकते आणि संध्याकाळी आपोआप सावरते. ती तहान नसते, ती झाडाने धरलेली कळ असते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी तापलेल्या कुंडीत पुन्हा पाणी ओतले, मातीतील हवेची जागा पाण्याने भरून गेली, आणि ज्या मुळांना श्वासासाठी हवा लागते ती त्या कढत चिखलात कुजली. जगली ती दोनच झाडे : शेजारणीने दिलेली कोरफड, आणि पाणी वाहून जायच्या भोकाच्या कडेला, सिमेंटच्या भेगेत आपले आपण उगवलेले सदाफुलीचे रोप. ते मी लावलेलेही नव्हते.

त्या रिकाम्या कुंड्या धुऊन पालथ्या घालताना मला आजीचे परसदार आठवले, आणि तिच्या परसदारात उन्हाळ्यात झाड मेल्याचे मला एकदाही आठवेना.

आजीचे घर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या बाजूला होते. मातीच्या जाड भिंतींचे, धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी मागच्या भिंतीतील भोकातून परसात पडे आणि तेथून उताराने कुंपणापर्यंत जाई. पाणी पडे त्या जागी अळू, त्याच्या पुढे दोन केळी, केळींच्या सावलीत कर्दळ, पाणी पातळ होई तेथे कढीलिंब, आणि जेथे ते पोहोचतच नसे तेथे अडुळसा आणि अगदी कोपऱ्यात शेवगा. लहानपणी मला ती झाडे जशी उगवतील तशी उगवलेली वाटत. आज वाटते की ते परसदार म्हणजे पाण्याचा उतार वाचून केलेली मांडणी होती, आणि ती वर्षानुवर्षे इतकी पक्की झाली होती की ती कोणी केली हे सांगण्याचीही गरज उरली नव्हती. हंडा घेऊन झाडांना पाणी घालायला निघालेल्या मला आजी म्हणे, ‘पहिले झाडले (झाडाला) इचार, मंग पानी घाल.’ म्हणजे काय, हे तिने कधी उलगडून सांगितले नाही. ती स्वतः वाकून मातीत दोन पेरे बोट खुपसून पाही आणि मगच हंडा कलता करी.

आणखी एक गोष्ट होती. आजीने झाड कधी विकत आणले नाही. अळूचा कंद अमकीच्या दारातून, मोगऱ्याची छाट तमकीच्या वाड्यातून, शेवग्याचे खोड बांधावरून. जे झाड शेजारच्या अंगणात दहा उन्हाळे काढून बसले आहे त्याचीच फांदी आपल्या घरी येई, म्हणजे मे महिन्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेलीच झाडे दारात येत. मी आणलेली रोपे याच्या अगदी उलट होती. देशभरातील रोपवाटिकांना रोपे पुरवणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी एक आंध्र प्रदेशात, गोदावरीकाठी कडियम येथे आहे. समुद्रापासून फार दूर नसलेल्या त्या दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप ट्रकमधून खानदेशात उतरते तेव्हा ते गुटगुटीत आणि तुकतुकीत असते, पण त्याच्या पानाला येथील कोरडे वारे माहीत नसतात. रोप निवडताना मी त्याचा तजेला पाहिला होता. त्याने एखादा तरी मे येथे पाहिला आहे का, हे विचारायला हवे होते. आता मी तेच विचारते, आणि रोपवाटिकेत उन्हात ठेवलेल्या रांगेतील, जरा खुरटे दिसणारे रोप घेते.

पण केवळ काटक झाडे आणून प्रश्न सुटत नव्हता, कारण आजीला तिच्या परसातील उतार माहीत होता आणि मला माझ्या गॅलरीतील ऊन माहीत नव्हते. शाळेच्या पेटीत खडूचा अर्धा खोका उरला होता. मी जूनपासून गॅलरीच्या फरशीवर, कठड्यावर आणि मागच्या भिंतीवर दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी उन्हाची कड खडूने आखू लागले; दुपारी दोन, चार आणि पाच वाजता. पावसाळ्यात ढगांमुळे काही महिने कोरे गेले. तरीही वर्ष पुरे झाले तेव्हा त्या फरशीने मला जे शिकवले ते एरवी मला कोठे मिळाले असते, असे वाटत नाही.

पहिली गोष्ट अशी की पश्चिमेच्या गॅलरीतील सर्वांत थंड जागा ही कठड्याच्या आतल्या बाजूला, त्याच्या पायाशी असते. आमचा कठडा भरीव विटांचा, साधारण तीन फुटांचा आहे. दुपारी सूर्य पश्चिमेकडे कलू लागला की त्या कठड्याची सावली आधी त्याच्याच पायाशी पडते आणि जसजसा सूर्य खाली जातो तसतशी आत सरकत जाते. पाच वाजेपर्यंत सगळी फरशी सावलीत असते आणि ऊन फक्त मागच्या भिंतीच्या वरच्या भागावर चढलेले असते. याउलट कठड्याचा माथा दुपारी बारापासून मावळतीपर्यंत तापतो. मी गुलाब कठड्याच्या माथ्यावर ठेवले होते, प्लॅस्टिकच्या काळ्या कुंड्यांत. तेथून हातभर खाली, कठड्याच्या आत, त्यांना बहुतेक दुपार सावली मिळाली असती.

दुसरी गोष्ट मागच्या भिंतीची. ती भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री दहा वाजताही हात लावला तर ऊबदार लागते. भिंतीला टेकलेल्या पामला दिवसा सूर्याचा ताप होता आणि रात्री भिंतीचा. त्याला विसावा नव्हताच. आता त्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून मी काहीही ठेवते, आणि एप्रिल-मेमध्ये गॅलरीच्या वरच्या अर्ध्या भागाला पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधते. ही कल्पना माझी नाही. जळगावच्या केळीच्या बागांना मी लहानपणापासून पाहत आले आहे. तेथे बागेच्या कडेने शेवरी लावलेली असते, कारण उन्हाळ्यातील गरम वारा केळीची पाने फाडतो, सुकवतो. शेवरी तो वारा अंगावर घेते. या जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. पण त्या मानात बांधावरच्या शेवरीचाही वाटा आहे, असे मला मनापासून वाटते. गॅलरीच्या कडेला मी गवती चहाच्या दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या आहेत. त्या मागच्या नाजूक झाडांसाठी शेवरीचे काम करतात आणि सकाळच्या चहालाही उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट कळायला स्वयंपाकघराची दक्षिणेकडील खिडकी लागली. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि गच्चीवर उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली त्याच्या बुडाबाहेर पडत नाही. मुलांना मी हा प्रयोग कितीतरी वर्षे दाखवत आले होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकून आकाशात जेमतेम अर्ध्या उंचीवर, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, असतो. याचा घरातील अर्थ असा की दक्षिणेच्या खिडकीत थंडीत ऊन आतवर येते आणि उन्हाळ्यात छज्जा ते बाहेरच अडवतो. झाडाला जेव्हा हवे तेव्हा मिळते, नको तेव्हा मिळत नाही. इतकी गुणी जागा माझ्या घरात होती आणि तेथे मी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. आता तेथे पुदिना, तुळशीचे एक रोप आणि कोथिंबिरीचा पसरट ट्रे आहे. जून-जुलैमध्ये सूर्य डोक्याच्याही उत्तरेला जातो, आणि एरवी वर्षभर उदास असलेल्या उत्तरेच्या खिडकीत ढगांतून वाट मिळेल तेव्हा ऊन डोकावते. त्या काळात तेथील मनीप्लांटला दोन पाने जास्त येतात.

उत्तरेच्या त्या खोलीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण घरात झाड ठेवताना सर्वांत जास्त फसवणूक आपले डोळे करतात. बाहेर भर दुपारी प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो; खोलीच्या मध्यावर तो अनेकदा शंभर ते तीनशे लक्सच भरतो. आपली बाहुली मोठी होते आणि आपल्याला दोन्हीकडे ‘चांगला उजेड’ दिसतो. झाडाला तशी सोय नाही. त्याच्या दृष्टीने खिडकीपासून आठ फूट आत सरकवणे म्हणजे अर्धपोटी ठेवणे. मी एक साधी पारख करते : झाड ठेवायचे त्या जागी दुपारी पांढरा कागद धरते आणि त्यावर हात आडवा करते. सावलीची कड रेखीव उमटली तर फुलझाडाचा विचार करता येतो, सावली पुसट असली तर मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट, आणि सावली दिसलीच नाही तर तेथे झाड न ठेवता पितळेचा तांब्या ठेवावा.

मनीप्लांट आता घरोघरी आहे. मूळचा तो प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. तो आणि आजीचा अळू एकाच कुळातील आहेत, हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले. अळूवडीला चिंच लावायची ती घशाला खाज येऊ नये म्हणून, आणि ती खाज येते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक मनीप्लांटमध्येही असतात, आणि चिंच लावूनही तो खाण्याजोगा होत नाही. घरात रांगते मूल असेल तर ही वेल उंचावर ठेवावी. त्याच कुळातील डिफेनबाखिया तर माझ्या नातवाच्या वयाची मुले येतात त्या घरात मी ठेवतच नाही.

घरातील झाडांविषयी दोन समजुती इतक्या प्रेमाने सांगितल्या जातात की त्यांना विरोध करताना वाईट वाटते. एक अशी की ही झाडे खोलीतील हवा शुद्ध करतात. १९८९ मध्ये नासाच्या एका अभ्यासात बंद पेटीत ठेवलेल्या झाडांनी हवेतील काही रसायने कमी केली, हे खरे आहे. परंतु आपली खोली बंद पेटी नसते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा असे दिसले की खिडकीतून होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील. म्हणजे खिडकी उघडणे पुरेसे आहे. दुसरी समजूत स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देते अशी. ते झाड, कोरफड आणि बहुतेक मांसल पानांची झाडे दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, कारण दिवसाच्या उन्हात छिद्रे उघडली तर पाणी उडून जाईल. ऑक्सिजन मात्र प्रकाशात पाण्याचे विघटन होऊन तयार होतो, रात्री नाही. मला या खऱ्या गोष्टीचे अधिक अप्रूप वाटते. दुपारी दारे-खिडक्या लावून घेऊन कामे सकाळ-संध्याकाळी उरकणारे खानदेशातील घर आणि दिवसा छिद्रे मिटून बसलेली कोरफड, दोघांनी उन्हाळ्यावर काढलेला उपाय एकच आहे.

मातीच्या बाबतीत माझी माया मला नडली. गावाकडच्या शेतातील काळीभोर माती मी दोन गोण्या भरून आणली, कारण ज्या मातीत कपाशी डोलते तीत गुलाब का फुलू नये, असे मला वाटले. तापी खोऱ्यातील ही काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुंडीत ती आकसते तेव्हा कडेने सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली तबकात येते, आपल्याला वाटते झाड न्हाऊन निघाले, आणि आतील गोळा कोरडाच राहतो. आता मी काळी माती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेत नाही. बाकी चांगले कुजलेले शेणखत, भरड वाळू आणि थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि वर वाळलेल्या पानांचे दोन बोटे जाड आच्छादन. आपल्या मातीत आणि पाण्यातही चुना बराच असतो. त्यामुळे गुलाब आणि मोगऱ्याची नवी पाने पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. मातीत लोह असते, पण चुनखडीमुळे झाडाला ते घेता येत नाही. शेणखत वाढवणे आणि कधीतरी चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) पाण्यात विरघळवून देणे, एवढ्याने माझ्या मोगऱ्याने रंग पालटला. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची चाल आता बरीच पसरली आहे. हेतू चांगला आहे, परंतु मूळ पाण्यातील क्षार त्यात अधिकच दाट झालेले असतात आणि कुंडीत ते साठत जातात. ते फरशी पुसायला वापरावे. झाडांना डाळ-तांदूळ धुतलेले पाणी द्यावे.

रोप कधी आणावे हे मला केळीवाल्यांनी शिकवले. जळगावात केळीची लागवड दोन वेळा होते : मृगाच्या सुमारास होते ती मृगबाग, आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते ती कांदेबाग. फेब्रुवारीत रोप लावण्याची चूक शेतकरी सहसा करत नाही, कारण मुळे पसरायच्या आत उन्हाळा दारात येतो. मी आता वर्षातून दोनदाच रोपवाटिकेत जाते, जूनच्या पावसानंतर आणि नवरात्राच्या आसपास. थंडीही येथे काही कमी नसते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा कठड्याच्या पायाशी ठेवलेल्या कुंड्या मी पाटांवर चढवते, कारण उन्हाळ्यात वाचवणारी कठड्याची तीच सावली हिवाळ्यात झाडाला उपाशी ठेवते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी त्या पुन्हा खाली उतरतात. वर्षातून दोनदा कुंड्या हलवणे पाठीला जड जाते. पण माणसे उन्हाळ्यात गच्चीवर निजतात आणि थंडीत आत येतात, झाडांना तेवढी सवलत का नसावी?

आज गॅलरीत मोगरा, जास्वंद, गोकर्णाचा वेल, कोरफड, गवती चहा आणि त्या सदाफुलीची तिसरी पिढी आहे. यांतील एकही झाड दुर्मीळ नाही. मोगऱ्याला तर आपला उन्हाळा मानवतो. बाकी सगळे सुकत असताना चैत्र-वैशाखात तो फुलतो, आणि संध्याकाळी पाणी घातल्यावर गॅलरीत उभे राहिले की दिवसभराचा शीण उतरतो. सदाफुली मूळची मादागास्करची, आणि रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध तिच्यापासून मिळते, हे मी आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. नेचा आणि पाम मी पुन्हा आणलेले नाहीत. ते सुंदर आहेत. त्यांना कोकणात पाहावे.

मागच्या आखाजीला मी गावी गेले होते. आजीचे घर आता पाडून नवे बांधले आहे, धाब्याच्या जागी स्लॅब आहे, आणि मोरीचे पाणी पाइपातून गटारीत जाते. परसात फरशी घातली आहे. अळू नाही, केळी नाहीत, अडुळसाही नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात, जेथे पाणी कधी पोहोचतच नव्हते तेथे, शेवगा मात्र उभा होता, आणि त्याच्या पलीकडे शेजारच्या काकूंच्या दारात मोगऱ्याचे एक जुने झुडूप होते. तो तुझ्या आजीनेच दिलेला आहे, असे काकू म्हणाल्या. मी त्याच्या दोन छाटा ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. वैशाख हा छाट लावण्याचा महिना नव्हे, हे मला माहीत होते, म्हणून त्या गॅलरीत नेल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दक्षिणेच्या खिडकीत, छज्जाच्या सावलीत, मातीच्या छोट्या कुंडीत लावल्या. एक आठ दिवसांत काळी पडली. दुसरीला मृग लागायच्या आधी तीन पाने फुटली. आज सकाळी तिच्या मातीत बोट घालून पाहिले. अजून ओल आहे, पाणी उद्या.